टॅपेटपासून टायमिंग चेनपर्यंत

पद्मिनीचं बॉनेट उघडलं की अख्खं इंजिन डोळ्यांसमोर असतं. डिस्ट्रिब्युटरपर्यंत हात सहज जातो, कार्ब्युरेटरचे स्क्रू वरूनच दिसतात, पेट्रोलचा पंप ब्लॉकच्या कडेला बसवलेला असतो आणि कुठली नळी कुठून निघून कुठे जाते हे बोटाने दाखवता येतं. चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी, एकूण १०८९ सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व पुशरॉडने हलणारे. गाडी मूळची इटलीची फियाट ११००. प्रीमियर पद्मिनी हे नाव तिला १९७४ साली मिळालं. सांगलीच्या वालचंद कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडल्या.

साताऱ्यात आमच्या दारात पद्मिनीनंतर मारुती ८००, मग बोलेरो, मग होंडा सिटी आणि शेवटी डिझेल स्विफ्ट उभी राहिली. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत थोड्याफार फरकाने हाच क्रम असेल. गाडीविषयी बोलताना लोक आधी अ‍ॅव्हरेज विचारतात, मग पिकअप. माझ्या मते त्याआधी विचारायला हवं की हे इंजिन मालकाकडे काय मागतं. ती मागणी इंजिनाच्या बांधणीतूनच ठरलेली असते. ती पुरवली तर साधं इंजिनही दोन पिढ्या चालतं, आणि नाही पुरवली तर कितीही नवी गाडी घाटात उभी राहते. घाट तर आपल्याला चुकत नाहीच. पुण्याहून येताना खंबाटकी, पाचगणीला जाताना पसरणी, कासला जाताना यवतेश्वर, चिपळूणला उतरताना कुंभार्ली.

पद्मिनी मालकाचे हात मागते. टॅपेट, पॉइंट आणि कार्ब्युरेटर, याच क्रमाने. टॅपेट लावणं म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली बारीक फट, म्हणजे गॅप, बरोबर ठेवणं. टॅपेट पूर्ण थंड इंजिनावरच करायचे. चारही प्लग काढले की इंजिन हाताने फिरतं. आठ व्हॉल्वना पुढून मागे एक ते आठ नंबर द्यायचे. जो व्हॉल्व पूर्ण दाबलेला दिसेल त्याचा नंबर नऊमधून वजा करायचा. उत्तर येईल तो व्हॉल्व त्या वेळी पूर्ण मोकळा असतो आणि त्याची गॅप लावायची. पहिला दाबलेला असेल तर आठवा, तिसरा दाबलेला असेल तर सहावा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असते आणि व्हॉल्वची मांडणी दोन्ही टोकांकडून मोजली तरी सारखीच येते, म्हणून हा हिशेब बरोबर बसतो. फीलर गेज, म्हणजे ठरलेल्या जाडीची पातळ पट्टी, त्या गॅपमध्ये किंचित अडखळत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, त्यामुळे आवळून झाल्यावर गेज परत घालून बघावी लागते. घाईतली बहुतेक टॅपेट सेटिंग इथेच बिघडते. एक्झॉस्ट जास्त तापतो, जास्त लांबतो. टॅपेट थोडा वाजला तरी चालतो, घट्ट मात्र चालत नाही. घट्ट व्हॉल्व सीटवर पुरता बसत नाही, त्याची उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरत नाही, आणि मग त्याची कड जळते. आवाज बंद झाला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली, उघडली की स्पार्क पाडणारी टोकं. त्यांची गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिमी. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजत जाते, गॅप कमी होते आणि स्पार्क उशिरा पडायला लागतो. गाडी चढाला जड वाटते, इंजिन तापतं, आणि दोष मात्र कार्ब्युरेटरला दिला जातो. पॉइंटवर खड्डा आणि समोर उंचवटा पडत असेल तर कंडेन्सर बघायचा. नुसते पॉइंट घासून तो दोष जात नाही. पॉइंटची गॅप बदलली की टायमिंगही, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळही, बदलतं, म्हणून गॅप आधी आणि टायमिंग नंतर. कार्ब्युरेटर अगदी शेवटी, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर. मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू आत घ्यायचा, इंजिन अडखळायला लागलं की थोडा बाहेर, सगळ्यात गुळगुळीत चाल मिळेल तिथे थांबायचं आणि मग आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीतल्या संथ चालीचा, स्पीड लावायचा. आठवडाभर गाडी नेहमीसारखी चालवून प्लग काढून बघायचे. फिकट विटकरी रंग बरोबर. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरट भाजल्यासारखं टोक म्हणजे कमी पडतंय.

पसरणीत मे महिन्यात पद्मिनी बंद पडली की ती बहुधा पेट्रोलपायी. वाईपासून पाचगणीपर्यंत सुमारे साडेपाचशे मीटरची चढण, दुसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगाने, म्हणजे रेडिएटरला वारा कमी आणि इंजिनाला काम जास्त. ब्लॉकला चिकटलेला पंप तापतो, त्यातलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि पंप वाफ ढकलत बसतो. ओलं फडकं पंपावर आणि नळीवर टाकून बॉनेट उघडं ठेवलं की पंधरा-वीस मिनिटांत गाडी चालू होते. पण हा झाला वेळ मारून नेण्याचा उपाय. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता अडवणारी जाड पॅकिंग असते. पंप उतरवला की ती तुटते किंवा हरवते, आणि तिच्या जागी कागदी गॅस्केट लावलं जातं. त्याने दोन गोष्टी होतात: पंपाला ब्लॉकची उष्णता थेट मिळते, आणि पंप कॅमच्या जवळ सरकल्यामुळे त्याचा दांडा जास्त दाबला जातो, डायफ्रॅम लवकर फाटतो. घाटात वारंवार बंद पडणाऱ्या पद्मिनीची ही पॅकिंग आधी बघावी, पंप नंतर बदलावा. पेट्रोलची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून किती लांब आहे हेही त्याच वेळी पाहून घ्यावं.

तापण्याचा दुसरा धोका हेडचा. अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे एकदा जोरात तापलं की हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. मग लेथवाल्याकडे फेसिंग, म्हणजे हेडची बैठक तासून सपाट करणं. दर फेसिंगला हेडची जाडी कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं, इंजिन आणखी तापतं. तीन-तीनदा फेसिंग झालेलं हेड बदलणंच बरं. आणि इथे एका सवयीवर मला स्पष्ट बोलायचंय. 'आपल्याकडे उन्हाळा कडक' म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकायची पद्धत आहे. थर्मोस्टॅट नसला की सकाळी इंजिनाला पुरतं तापायला वेळ लागतो, तेवढा वेळ पेट्रोल बोअरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं, आणि पिस्टनच्या रिंगा व बोअर दोन्ही झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी बायपासमधूनच फिरत राहतं आणि घाटात तापमान उलट वाढतं. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा टाकावा. तपासायला पातेल्यात पाणी, दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट आणि एक थर्मामीटर पुरतो. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या गाड्यांना आणखी एक त्रास, बोअरवेलच्या पाण्याचा. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि ब्लॉकच्या पोटात साचतात. बाहेरून रेडिएटर स्वच्छ, आतून अर्धा बंद. इंजिन चालू असताना रेडिएटरच्या जाळीवरून हात न लावता जवळून उष्णतेचा अंदाज घेतला, तर कुठला पट्टा थंड आहे ते कळतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, एवढंच करायचं असतं. वेगवेगळ्या रंगांची कूलंट एकमेकांत ओतू नयेत. रंग दोन कंपन्यांचे सारखे असले तरी आतलं रसायन वेगळं असू शकतं, आणि न जुळणाऱ्या रसायनांचा गाळ होतो.

आज पद्मिनी सांभाळणाऱ्याला आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं लागतं आणि ती आपल्याच शिवारातून येते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, आणि सातारा-सांगलीतल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत ते तयार होतं. ऊसवाल्याचं त्यात भलं आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण जुन्या कार्ब्युरेटरला त्यासाठी तयार करावं लागतं. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला सेन्सर नाही, तो जुन्या मापानेच पेट्रोल देतो, म्हणून मिश्रण पातळ पडतं. गाडी सकाळी चोकशिवाय धरत नाही, अ‍ॅक्सिलरेटर दाबताना क्षणभर अडखळते, आणि लांब चढाला एक्झॉस्ट व्हॉल्व जास्त तापतो. उपाय मेन जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या भोकात आहे. आठ टक्के जास्त इंधन हवं असेल तर भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्के वाढायला हवं, म्हणजे व्यास चार टक्के. जेटवरचा आकडा म्हणजे व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० चा जेट असेल तर १२५ चा. तारेने किंवा ड्रिलने भोक मोठं करू नये. भोकाच्या तोंडाचा आकार बिघडला की माप जमत नाही. त्याबरोबर पंपाचा डायफ्रॅम, फ्लोटच्या सुईचं रबरी टोक आणि रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात. दुकानात व्हिटॉन म्हणून मागाव्यात. जुनं रबर आधी फुगतं, मऊ पडतं, मग त्याचा काळा भुगा जेटमध्ये येतो. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये. मोकळ्या जागेतल्या हवेचा ओलावा इथेनॉल शोषतं, पुरेसं पाणी जमलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि पत्र्याच्या टाकीला आतून गंज धरतो.

अ‍ॅम्बेसेडर आमच्याकडे नव्हती, पण तिच्याविषयी एक सांगायला हवं. तिचं १४८९ सीसीचं, ब्रिटिश बीएमसी कंपनीच्या घडणीचं इंजिन पूर्ण बिडाचं, हेडसुद्धा. २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं आणि त्या हेडमध्येच कापलेल्या व्हॉल्व सीट हळूहळू खाली बसायला लागल्या, कारण शिसं त्या सीटला वंगणासारखं संरक्षण देत होतं. टॅपेट लावले तरी काही महिन्यांत गॅप पुन्हा कमी झालेली दिसली की दोष तिथे समजावा. चांगला लेथवाला एक्झॉस्टला कडक धातूच्या रिंगा ठोकून देतो आणि प्रश्न कायमचा मिटतो.

असे लेथवाले आपल्याकडे अजून आहेत, आणि माझ्या मते ते काही योगायोगाने नाहीत. किर्लोस्करवाडी १९१० ची. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली इंजिनिअरिंगचा कारखाना काढला. कृष्णेच्या दोन्ही काठांवर पाण्याचे पंप डिझेल इंजिनांवर चालले. डिझेल फवारणारं नोझल काढून साफ करणं, रिंगा घालणं, बेअरिंगला शिम लावणं हे काम इथल्या हातांना गाड्या येण्याआधीपासून माहीत होतं.

मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बोअर ६८.५ आणि स्ट्रोक ७२ मिमी, कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, आणि त्याला फिरवायला रबरी टायमिंग बेल्ट. तीन सिलिंडरमुळे दर २४० अंशांवर एक स्पार्क पडतो आणि इंजिन पुढे-मागे डुलतं; आयडलला जाणवणारी थरथर तिथली. थरथर अचानक वाढली तर मात्र इंजिनाची रबरी माउंटिंग बघावी, खास करून तेल गळणाऱ्या बाजूची, कारण तेलाने रबर कुजतं.

या गाडीने मालकाचं काम बदललं. पॉइंट आणि टॅपेट तिलाही सुरुवातीला होते, पण नेमाने बसून करायची गोष्ट कमी झाली आणि लक्षात ठेवायची गोष्ट वाढली. टायमिंग बेल्ट आवाज करत नाही, धूर काढत नाही, सूचना देत नाही. पुस्तिकेत दिलेले किलोमीटर पाळावेत, आणि गाडी कमी चालत असेल तर वर्षं मोजावीत. पाच वर्षांपुढचं रबर मला नको असतं. बेल्ट बदलताना तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरची बेअरिंग बोटाने फिरवून बघायची. खरखर लागली तर तीही बदलायची. कॅमशाफ्ट आणि क्रँकच्या पुढच्या ऑइल सीलमधून ओल दिसली तर सील त्याच वेळी, कारण तेल लागलेला बेल्ट फुगतो आणि दात सोडतो. बेल्ट चढवल्यावर क्रँक पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा आणि खुणा परत जुळतात का ते बघावं. सेल्फ मारणं त्यानंतर.

८०० चा घाटातला दोष म्हणजे रेडिएटरचा पंखा. तो विजेवर चालतो आणि थर्मोस्विच त्याला चालू करतो. सपाटीला वाऱ्यावर भागतं, त्यामुळे स्विच बिघडलेला कळत नाही; कळतं ते पसरणीत. घाटाला निघण्याआधी घरीच इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवावं आणि पंखा लागतो की नाही ते पाहावं. न लागल्यास स्विचची वायर काढून दोन टोकं जोडावीत. पंखा फिरला तर स्विच गेला, नाही फिरला तर मोटर, फ्यूज किंवा रिले.

उंचीचाही परिणाम आहे. टर्बो (जास्तीची हवा आत ढकलणारं चाक) नसलेलं इंजिन दर शंभर मीटरला सुमारे एक टक्का ताकद गमावतं. महाबळेश्वर १,३७० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे ३७ हॉर्सपॉवरच्या ८०० कडे तिथे ३२ च उरतात. चार माणसं आणि सामान घेऊन गाडी वरच्या वळणांवर दमते ती त्यामुळे. त्यात इंजिनाचा दोष नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत विरळ हवेमुळे मिश्रणही घट्ट होतं, म्हणून वर राहणाऱ्यांचे प्लग काळे दिसतात.

बोलेरो हा सगळा वेगळा प्रांत. सुरुवातीला तिच्यात प्यूजोचं २४९८ सीसी डिझेल होतं, पुढे महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. डीआयची मापं बघण्यासारखी आहेत: बोअर ८८.९ मिमी, स्ट्रोक १०१.६ मिमी. म्हणजे साडेतीन इंच आणि बरोबर चार इंच. ही इंचातली मापं इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातली आहेत. लांब स्ट्रोक म्हणून कमी फेऱ्यांत जोर मिळतो, आणि पाटण-मेढ्याच्या रस्त्यांवर वडापच्या जीपा माणसांनी भरून ज्या चढल्या त्या या जोरावर. ट्रॅक्सचं इंजिनही असंच दणकट, मर्सिडीझच्या ओएम ६१६ घराण्यातलं. बेल्ट नाही, सेन्सर नाहीत. स्वच्छ हवा आणि स्वच्छ डिझेल एवढंच त्यांना लागतं, आणि आपल्या रस्त्यांवर नेमकं तेच कठीण.

ऊसतोडीच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची इतकी धूळ असते की कागदी एअर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या निम्म्यात भरतो. जुन्या जीपांच्या ऑइल बाथमध्ये, म्हणजे तेल भरलेल्या एअर फिल्टरमध्ये, तळाला चिखल बसतो. तो खरवडून, रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, खुणेपर्यंत नवं तेल भरायचं. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते तेल ओढून घेतं, आणि डिझेल इंजिनाला तेल म्हणजे इंधनच. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. कॉम्प्रेसरने झटकायचा तर आतून बाहेर, लांबून.

डिझेल संपलं किंवा फिल्टर बदलला की लाइन एअर घेते. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड पंप मारायचा, फेस थांबून अखंड डिझेल येईपर्यंत, आणि डिझेल येत असतानाच स्क्रू आवळायचा. तरीही चालू झालं नाही तर नोझलचे नट एकेक करून सैल करायचे आणि सेल्फ मारायचा. सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांवर नको, मध्ये विश्रांती. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या नोझलना मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या नव्या गाडीत मात्र हे नट कधीही सैल करू नयेत. तिथला दाब हजार बारच्या पुढे असतो, डिझेलची धार कातडीतून आत घुसते.

जुनी डिझेल घेताना मी आधी तेलाच्या झाकणाकडे बघतो. इंजिन गरम, आयडलवर, झाकण फिरवून सैल करून भोकावर तसंच ठेवायचं. थोडं थरथरलं तर हरकत नाही. उडून पडायला लागलं आणि धुराचा लोट आला तर रिंगा गेल्या. नंतर धुराचा रंग. काळा म्हणजे हवा कमी किंवा नोझल गळका, निळा म्हणजे तेल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर कॉम्प्रेशन, टायमिंग किंवा पाण्याचा संशय. कॉम्प्रेशन गेज लावण्याची सोय असेल तर पेट्रोल गाडीत आणखी खोलवर कळतं: कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून परत मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा, तेवढाच राहिला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट.

सिटीकडे वळण्याआधी झेनचा उल्लेख करतोच. ९९३ सीसी, चार सिलिंडर, ७२ मिमी बोअर आणि अवघा ६१ मिमी स्ट्रोक. इतका आखूड स्ट्रोक म्हणून ते इंजिन फेऱ्या घ्यायला आसुसलेलं असायचं. खंबाटकीला तिसऱ्या गिअरमध्ये त्याचा चढत जाणारा सूर ऐकणं हे खरं सुख होतं.

२००३ च्या सिटीत १४९७ सीसीचं आय-डीएसआय इंजिन होतं, एका सिलिंडरला दोन, असे आठ प्लग. ताकद ७७ हॉर्सपॉवर, पण खालच्या फेऱ्यांत गुळगुळीत आणि पेट्रोलला काटकसरी. आठांपैकी पुढचे चार प्लग सहज निघतात, मागचे चार अडचणीत असतात, म्हणून कितीतरी ठिकाणी पुढचेच बदलले जातात. बिल देण्याआधी आठ जुने प्लग मागावेत. या इंजिनात टॅपेट स्क्रूने लावायचे असतात, आपोआप लागत नाहीत, आणि गॅस किट लावलेल्या गाडीत तर ते नक्की बघावेत. कोरड्या गॅसवर एक्झॉस्ट सीट झिजते, गॅप कमी होत जाते, आवाज नाहीसा होतो. गाडी शांत झाली असं वाटतं आणि व्हॉल्व जळत असतो.

आता मल्टिजेट. फियाटचं १२४८ सीसी डिझेल, बोअर ६९.६, स्ट्रोक ८२ मिमी. २००७ पासून स्विफ्टमध्ये, मग डिझायर, रिट्झ, पुंटो, लिनिया, मांझा, झेस्ट. पुण्याजवळ रांजणगावला आणि हरियाणात मानेसरला ते तयार झालं. एका फेऱ्यात एकदा इंजेक्शन मारण्याऐवजी ते अनेक छोट्या हप्त्यांत डिझेल सोडतं, म्हणून आवाज मऊ आणि धूर कमी. ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटर. माझ्या मते आपल्या रस्त्यांना इतकं शोभलेलं छोटं डिझेल दुसरं झालं नाही. २०२० साली प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि मारुतीने ते इंजिन बंद केलं; मला ते आजही खुपतं.

हे इंजिन तेल मागतं. योग्य तेल, वेळेवर, योग्य पातळीला. चेंबरमध्ये तेल बसतं तीन लिटरच्या आसपास, आणि तेवढ्यातूनच टर्बोचं बेअरिंग, टायमिंग चेनचा टेन्शनर आणि टॅपेटचे हायड्रॉलिक अ‍ॅडजस्टर सगळे चालतात. डिझेलची काजळी तेलात मिसळते, तेल घट्ट होतं, टेन्शनरच्या बारीक वाटा भरतात, दाब कमी पडतो आणि चेन सैल धावायला लागते. सकाळी चालू करताना दोन-तीन सेकंद साखळी खळखळल्यासारखा आवाज येतो, मग बंद होतो. तो आवाज हा निरोप आहे. आठवडाभर रोज येत असेल तर चेन किट करायची वेळ झाली: चेन, टेन्शनर, गाइड आणि चाकं एकत्र. नुसती चेन बदलून झिजलेल्या दात्यांवर चढवली की ती लवकरच परत सैल होते. चेनने दात सोडले तर व्हॉल्वचे रॉकर तुटतात आणि हेड उतरवावं लागतं. चेनला बदलायची तारीख दिलेली नसते म्हणून ती कायमची समजली जाते, आणि तिथेच घात होतो. पुस्तिका १०,००० किलोमीटर म्हणत असली तरी घाट, धूळ आणि छोट्या फेऱ्यांच्या गाडीला ७,५०० ला किंवा वर्षाला तेल आणि फिल्टर बदलावा असं माझं ठाम मत आहे. पातळी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघावी. पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये, तेलात डिझेल उतरत असतं.

पसरणीच्या वळणांवर या इंजिनाची एक खोड कळते. २,००० फेऱ्यांच्या खाली टर्बो जागा नसतो. वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये वेग फार उतरला की पाय दाबूनही गाडी क्षणभर उठत नाही. वळणाआधीच पहिला टाकावा. क्लच अर्धा दाबून फेऱ्या राखण्याने क्लच प्लेट जळते. वर पोचल्यावर पारशी पॉइंटला गाडी लावून लगेच किल्ली फिरवू नये. टर्बोचं चाक तापलेलं असतं, तेल थांबलं की बेअरिंगमधलं तेल तिथेच करपतं. मिनिटभर आयडलवर ठेवणं पुरतं. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजेक्शनच्या गाडीत पाय काढून गिअरमध्ये उतरताना इंधन बंद होतं, म्हणजे न्यूट्रलमध्ये काही वाचत नाही, ब्रेक मात्र तापतात.

आणि सांगलीकरांसाठी पाणी. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. बुडालेल्या गाडीचं इंजिन मरतं ते बहुधा पाणी ओसरल्यावर, पहिल्या सेल्फला. पाणी दाबलं जात नाही. मल्टिजेटचा एक सिलिंडर ३१२ सीसीचा, कॉम्प्रेशन साधारण १८ ला १, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे १८ मिली. चहाचे चार चमचे पाणी आत असलं तरी पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मारुती ८०० मध्ये ती जागा सुमारे ३५ मिली आहे, म्हणून जुनी पेट्रोल गाडी कधीकधी वाचते, डिझेल वाचत नाही.

किल्लीला हात न लावता बॅटरीचं निगेटिव्ह काढावं. डिपस्टिक बघावी, तेल दुधाळ किंवा पातळी वर असेल तर पाणी आत गेलं आहे. एअर फिल्टरचा डबा उघडावा. कागद ओला असेल तर सिलिंडरमध्येही पाणी धरून चालावं. पेट्रोल गाडीचे प्लग, डिझेलचे हीटर प्लग किंवा नोझल काढून क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा, पाणी भोकांतून बाहेर येतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल टाकावं, नाहीतर काही दिवसांतच रिंगा बोअरला गंजून चिकटतात. टाकी रिकामी करावी. इंजिनाचं तेल आणि फिल्टर बदलून, थोडं चालवून, परत बदलावं. गिअरबॉक्स आणि मागच्या हौसिंगचं तेलही, कारण गरम गाडी पाण्यात गेली की ब्रीदरमधून ती पाणी ओढते. विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत फोटो काढून ठेवावेत. बुडालेली गाडी चालू करायला जाऊन झालेलं नुकसान विमा कंपनी नाकारू शकते.

पूर येऊन गेल्यावर अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात, बऱ्याचदा दुसऱ्या जिल्ह्यात. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून बघावा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटखालचे रूळ, स्टेपनीचा खड्डा, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडण्यांतली हिरवी बुरशी, हेडलाइटच्या आतला गाळ. आणि इंजिन पूर्ण थंड असताना तेलाचं झाकण काढून त्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवावं. पिवळसर मलईसारखा थर बोटाला आला तर गाडी कितीही चकचकीत असो, गॅस्केट गेलेलं नाही आणि गाडी पाण्यातही नव्हती याची खात्री होईपर्यंत पैसे काढू नयेत.